मामांचं डोकं

॥ ॐ नमः शिवाय ॥

पूर्णा,
दि. १२ मे २०२५

श्री. वैभव शेटे यांस,
शरणार्थ.

वडिलांच्या पश्चात घरचे कर्ते आपणच आहात, म्हणून पत्र थेट आपल्याला लिहितो. परवा जिंतूरला आपल्या घरी आमचा उत्तम पाहुणचार झाला. आपल्या मातोश्री महेश्वरीबाईंच्या हातच्या धपाट्यांची आमच्याकडे अजून तारीफ चालू आहे. ऊन फार होतं, पंखा लावायला आपण दोनदा उठलात आणि मी दोन्ही वेळा नको म्हणालो. मला वाऱ्याचा त्रास होतो. त्याबद्दल गैरसमज नसावा.

नकार कळवायचा असला की लोक 'पत्रिका जुळत नाही' असं लिहून मोकळे होतात. मला ती पळवाट पसंत नाही. मी कारणासकट लिहितो.

स्टेशन रोडवर माझा फोटो स्टुडिओ आहे, हे मुलगी पाहायला आलात तेव्हा आपण पाहिलंच. रेल्वेची माणसं नोकरीला लागताना फोटो काढायला माझ्याकडे येतात, पुढे पाससाठी येतात, ओळखपत्रासाठी येतात आणि शेवटी निवृत्तीच्या कागदांसाठीही माझ्याचकडे येतात. एकाच माणसाचं डोकं विशीत, तिशीत, चाळिशीत कसं होत जातं, ते मी समोरून पाहिलं आहे. मी कॉलेजात गेलो नाही. पण या विषयावर जे वाचायला मिळालं ते वाचलं, आणि वाचलेलं सगळं या फोटोंशी ताडून पाहिलं.

आपल्या कपाळाचे दोन्ही कोपरे मागे सरकले आहेत, डावा जरा जास्त. चहाचा ट्रे ठेवायला आपण वाकलात तेव्हा भोवऱ्याजवळची कातडीही दिसली. अठ्ठाविसाव्या वर्षी दोन्हीकडून सुरुवात झाली की मधली पट्टी फार तग धरत नाही. आपल्या वडिलांच्या भिंतीवरच्या फोटोत फेटा आहे, त्यामुळे त्या बाजूचं काही सांगता येत नाही. पण मामांचं डोकं मी आपल्या दारातच पाहिलं. पाठीमागची घोड्याच्या नालेएवढी किनार सोडली तर तिथे काही उरलेलं नाही. यावरून माझा अंदाज असा, की पस्तिशीत आपलं समोरचं आणि भोवऱ्याचं एकमेकांना मिळेल, आणि चाळिशीत मामांसारखी नाल राहील.

रुद्राणी माझी एकुलती एक मुलगी आहे. समोर दिसतं आहे त्याकडे डोळेझाक करून मला होकार देता येत नाही. राग नसावा.

कळावे,
शिवकांत बिडवे
रुद्राणी फोटो स्टुडिओ


जिंतूर,
दि. १९ मे २०२५

आदरणीय बिडवे साहेब,
शरणार्थ.

पत्र मिळालं. कारण स्पष्ट कळवलंत, याबद्दल आभार. आईने ते दोनदा वाचायला लावलं. मामांनाही वाचून दाखवलं. ते रुमाल बांधून शेताकडे गेले.

दुकानात गिऱ्हाईक असतं, म्हणून थोडक्यात लिहितो. गच्चीवर आम्हाला जे बोलायला दिलं होतं, त्यात रुद्राणींनी मला तुरीवरच्या अळीबद्दल विचारलं. केसांबद्दल काही विचारलं नाही. ते बोलणं मला आवडलं होतं, एवढं त्यांना सांगितलंत तरी पुरे.

केसांची काळजी घेईन.

आपला नम्र,
वैभव शेटे


॥ ॐ नमः शिवाय ॥

पूर्णा,
शुक्रवार, दि. ६ जून २०२५

श्री. वैभव यांस,
शरणार्थ.

तुमच्या नावामागे खरं तर 'चि.' लिहायचं मनात होतं. पण तो हक्क मागच्या पत्राने मीच घालवला, म्हणून 'श्री.' लिहितो. पत्राच्या शेवटापर्यंत आलात तर याचाही खुलासा होईल.

इकडे सर्व कुशल. पाऊस दोन सरी देऊन गेला आणि उकाडा वाढवून ठेवला. जिंतूरकडे पेरणीची घाई असेल, तुमच्या दुकानात सोयाबीनच्या बियाण्याला गर्दी असेल. अशा दिवसांत लांब पत्र वाचायला लावतो आहे. पण चूक मी कागदावर केली, तर तिची दुरुस्तीही कागदावरच व्हायला हवी. फोनवर माझा आवाज चढतो, आणि चढला की मग मी खाली उतरत नाही, असं रुद्राणीच्या आईचं मत आहे.

आधी माझ्या अंदाजाची शास्त्रीय बाजू लिहितो. टक्कल मामाकडून येतं, असं गावोगाव म्हणतात. ते अर्धं खरं आहे. आईकडून येतं तसं बापाकडूनही येतं, कधी एक पिढी सोडूनही येतं. लवकर सुरू झालं तर पुढे जास्त जातं, हे साधारण खरं. पण किती आणि केव्हा, याची तारीख डॉक्टरही देत नाहीत. हे सगळं मला १२ मे रोजीही माहीत होतं. तरी मी पस्तीस आणि चाळीस असे आकडे लिहिले. का लिहिले, ते पुढे येईल.

तुमची तुरीच्या अळीची ओळ मी रुद्राणीला सांगितली नाही. तिने ती स्वतःच वाचली, कारण स्टुडिओचं टपाल तीच उघडते. वाचून पत्र माझ्या टेबलावर ठेवलं आणि कॉम्प्युटरवर जाऊन बसली. त्यानंतर आमच्यात 'जेवायला चला' आणि 'गिऱ्हाईक आलंय' एवढंच बोलणं राहिलं. एकदा मीच विषय काढला. म्हणालो, "मी तुझ्या भल्याचंच पाहिलं." तर मान वर न करता म्हणाली, "पस्तिशीत केस जाणार म्हणता ना अप्पा? मग सात वर्षं तर केसांसकट मिळायलेत. लोकाला तेवढं बी मिळत न्हाई."

आतून तिची आई हसली. मी हसलो नाही.

त्यानंतर तिने एक उद्योग केला. तुमच्या बायोडाटातला फोटो तिच्याकडे होता. कॉम्प्युटरवर तिने त्या फोटोतले केस काढले, मिशीत थोडा चुना लावल्यासारखा पांढरा रंग भरला आणि डोळ्यांखाली वय आणलं. माझ्या पत्रात लिहिलं होतं तसं, ओळीबरहुकूम. मी मागे उभा राहून पाहत होतो. खरं सांगतो, काम चांगलं होतं, पण कानावरचे केस तिने काळेभोर आणि दाट ठेवले होते. माझ्याने राहवलं नाही.

"कानावरची किनार इतकी दाट राहत न्हाई," मी म्हणालो. "आणि टाळूवर उजेड पडतो. तो दाखवला न्हाईस तर ते डोकं वाटणारच न्हाई, ठिगळ वाटंल."

"मग बसा, तुमीच करा," म्हणून ती उठली.

मी बसलो. वैभवराव, मला आवडलेल्या कामापुढे मला भान राहत नाही, हा माझा जुना रोग आहे. टाळूचा उजेड, कपाळाच्या आठ्या जिथे संपतात तिथली पुसट रेघ, नालेची उतरती कड, असं सगळं मनासारखं केलं. ती शेजारी स्टुलावर बसून "इथं थोडं हलकं करा," "तिथं ऱ्हाऊ द्या," असं सांगत होती. तुमचं पत्र आल्यापासून आम्ही बापलेक धड बोललो ते त्या दिवशी, तुमचे केस काढता काढता.

फोटो झाल्यावर तिने तो मोठा छापला, फ्रेम केला आणि दुकानाच्या दर्शनी काचेत लावला. नवरानवरीच्या जोड्या लावतो, त्यांच्या मधोमध. मी म्हणालो, "हे काय?" ती म्हणाली, "चांगलं काम झालं की काचेत लावायचं, हे तुमीच शिकवलंत." दुपारी रेल्वेतले एक गिऱ्हाईक आले आणि त्यांनी विचारलं, "हे कोण पाव्हणे?" रुद्राणीने माझ्यासमोर सांगितलं, "आमच्याकडं यायचे होते. अप्पांनी चाळिशीतले बघून परत पाठवले. मी म्हणलं, मी बी चाळिशीतले बघून घेते. मला तर चालतेत."

ते गिऱ्हाईक माझ्याकडे पाहायला लागले. मी कॅमेऱ्याची काच पुसायला घेतली.

आता परवाचं, म्हणजे बुधवारचं सांगतो. तुमच्या घरचे मामा, ईश्वरअप्पा, जिंतूरच्या गाडीने इकडे आले. घरी काय सांगून निघाले ते मला ठाऊक नाही. दुकानात पाय ठेवण्याआधी त्यांनी डोक्याचा रुमाल सोडला, घडी करून खांद्यावर टाकला आणि म्हणाले, "फोटोवाले आपणच का? माझं डोकं बघून आमच्या पोराला नकार दिला म्हणतेत. म्हणलं, त्या दिवशी दारात घाईघाईत बघितलं असंल, एकदा नीट दाखवून यावं."

मी "या, बसा" म्हणालो. पण ते बसले नाहीत. त्यांची नजर काचेतल्या फोटोकडे गेली होती. जवळ गेले, मग आणखी जवळ. आणि त्यांचा आवाजच बदलला.

"हा आमच्या दादाचा फोटो तुमच्याकडं कुठून आला?"

रुद्राणी उठली. "कोण दादा, आजोबा? हा वैभवचाय. आमी कॉम्प्युटरवर केलाय."

"न्हाई बाई," ते म्हणाले. "दादा हाय हा. माझा थोरला भाऊ. वैभवचा आज्जा. दादा गेला तवा वैभव पाळण्यात होता. घरात दादाचा एकच फोटो हाय, त्यात बी रुमाल. बोडक्या डोक्याचा दादा आमी घरचेच तेवढे बघायचो, आंघोळीच्या वक्ताला." मग त्यांनी काचेवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

वैभवराव, त्या क्षणी माझ्या मनात पहिलं काय आलं, ते लपवत नाही. माझा अंदाज बरोबर निघाला, हे आलं. आधी छाती फुगली. दुसरी गोष्ट थोडी उशिरा डोक्यात शिरली.

"आपले थोरले बंधू वैभवचे आजोबा कसे?" मी विचारलं. "आपण तर त्याचे मामा ना?"

"म्या? म्या कशाचा मामा? म्या त्याच्या बापाचा चुलता. महेश्वरी मला मामा म्हणती, चुलत सासरा हाय म्या तिचा. पोरगं आईच्या मागं मागं मामा म्हणायला शिकलं आन् गल्लीनं उचललं. खरा मामा बसमतला असतो. साठी झाली, आजून कंगवा मोडतो त्याच्या केसात!"

तेवढ्यात पडद्यामागून रुद्राणीची आई बाहेर आली. चहा आणला होता, पण कपाच्या आधी तिने मलाच धरलं. "तुमच्या बापाला मी काय म्हणून हाक मारायचे हो? मामाच ना? तुमच्याच घरात, तुमच्याच कानावर, एवढी वर्षं! आन् डोक्याचं शास्त्र सांगायलेत लोकाला."

या भागात सून सासऱ्याला मामा म्हणते, हे शेंबडं पोरही सांगेल. मामाच्या घरी भाची देण्याची चाल आहे, त्यातून तो शब्द आला असणार. मी शब्दांचा, मोजमापांचा, उजेडाचा काटेकोर माणूस. पासपोर्ट फोटोत कान एका दोऱ्यात नसले तर गिऱ्हाईक परत बसवतो. आणि मी बापाच्या चुलत्याला आईचा भाऊ समजून तुमचं आयुष्य मोजून टाकलं. पत्रात 'मामा' लिहिलं, तुमच्या घरी ते 'मामा' म्हणूनच वाचलं, त्यामुळे चूक कुणाच्या लक्षातही आली नाही.

हिशोब नव्याने मांडायचा तर असा. खऱ्या मामांचं डोकं भरलेलं, आजोबांचं तुळतुळीत. तुमचे वडील एकोणचाळिसाव्या वर्षी गेले, तोवर डोक्यावर केस होते, असं ईश्वरअप्पा म्हणाले. म्हणजे तुमचं काय होईल? मला सांगता येत नाही. हे वाक्य मी आयुष्यात फार वेळा लिहिलेलं नाही, म्हणून परत लिहितो. मला सांगता येत नाही. दरवर्षी एकाच जागी, एकाच उजेडात, एकाच स्टुलावर बसवून फोटो काढत गेलो तर कळत जाईल. तो फोटो मी काढीन, जर तुम्ही दरवर्षी येत राहिलात तर.

दुरुस्ती इथे संपायला हवी होती. रुद्राणीच्या आईने हे पान इथवर वाचलं आणि म्हणाली, "खरं तर लिहिलंच न्हाई तुमी." म्हणून पुढचं पान.

ईश्वरअप्पा त्या दिवशी बसले तेव्हा त्यांना घाम फुटला होता. म्हणाले, "पंखा लावा की जरा." रुद्राणीच्या आईचा हात बटणाकडे गेला, तिने माझ्याकडे पाहिलं, आणि हात तिथेच थांबला. मी म्हणालो, "लाइट गेलीय." त्यांच्यासमोर कॉम्प्युटर चालू होता. पडद्यावर कुणाच्या तरी बारशाचा फोटो होता. ईश्वरअप्पांनी पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि खांद्यावरच्या रुमालाने स्वतःला वारा घालत चहा प्यायले. जाताना मात्र म्हणाले, "तुमचं बरं हाय पाव्हणं, डोकं भरलेलं हाय." ते टोचून बोलले की भोळेपणाने, हे मला अजून ठरवता येत नाही.

तुमच्या घरी दोनदा नको म्हटलेल्या पंख्याचं कारण वाऱ्याचा त्रास हे नव्हतं. तुम्ही पाहिलेत ते केस माझे नव्हेत. हैदराबादहून करून आणलेला टोप आहे तो. पंख्याच्या वाऱ्याने त्याची पुढची कड उचलते. पंचविशीत माझे कोपरे सरकले, तिशीत नाल राहिली. रुद्राणीच्या आईने मला नालेसकट पसंत केलं. तिने हा टोप कधी मागितला नाही, उलट उन्हाळ्यात पाहुणे असले की तिलाच माझ्यापायी पंखा बंद ठेवून बसावं लागतं. टोप मी घातला तो स्टुडिओसाठी, काचेसमोरच्या लोकांसाठी. दिवसभर दुसऱ्यांची डोकी नीट करणाऱ्याने आपलं डोकं कुणाला दाखवू नये, असं मला वाटत राहिलं. म्हणून तुमच्या भोवऱ्यावर माझी नजर आधी गेली. ती मी माझ्याच डोक्यावरून आणलेली नजर होती, तिला शास्त्राचं नाव दिलं. पस्तीस आणि चाळीस हे आकडे तिथलेच, फक्त दहा-दहा वर्षं पुढे ढकललेले.

आता राहिलं ते थोडंच आहे, पण तेच जड आहे.

ईश्वरअप्पांकडून कळलं की रविवारी पाथरीला एक स्थळ पाहायला तुम्ही जाणार आहात. स्थळ चांगलं असेल. जाऊ नका, असं म्हणण्याचा मला अधिकार नाही. एवढंच कळवतो, की रुद्राणीने ते ऐकल्यापासून काचेतला फोटो दोनदा काढला आणि दोनदा परत लावला. काल तिला विचारलं, "तुला केस गेलेले चालतील हे कळलं. तो पाथरीला गेला तर?" ती म्हणाली, "मग मात्र तुमचं शास्त्र घेऊन माझ्यासमोर येऊ नका अप्पा." आणि तिने तोंड फिरवलं. तुम्हाला सांगतो, माझी मुलगी लहानपणी पडली तरी रडत नसे.

वैभव, माझ्याकडून चूक झाली. तुमच्या आईची, ईश्वरअप्पांची आणि तुमची मी माफी मागतो. 'दुरुस्ती' हा शब्द मी मुद्दाम इथवर ताणला. तो फोटोला ठीक आहे, माणसाला पुरत नाही.

सोबत दोन फोटो ठेवले आहेत. मोठा ईश्वरअप्पांना द्या, त्यांनी कॉपी मागितली होती. तो त्यांनी दादाचा म्हणून लावावा की तुमचा म्हणून, त्यांची मर्जी. लहान फोटो माझा आहे. रुद्राणीने काल काढला, पंख्याखाली बसवून, टोप बाजूला ठेवून. म्हणाली, "हलू नका." मी हललो नाही. त्याची एक प्रत आता काचेत तुमच्या शेजारी लागली आहे.

हे पत्र टपालात टाकलं तर रविवार निघून जाईल. म्हणून उद्या सकाळच्या गाडीने मीच जिंतूरला येतो आहे. तुमच्या दुकानासमोर चहाचं हॉटेल आहे, तिथल्या माणसाच्या हातून पत्र आत पाठवीन आणि तिथेच बाकावर बसेन. स्वतः आत येण्याचं धैर्य माझ्यात नाही. वाचून झालं की रस्त्यापलीकडे पाहा. तुम्ही मला केसांसकट ओळखता, उद्या चुकाल, म्हणून लहान फोटो जोडला आहे. बोलवावंसं वाटलं तर हात करा. नाही वाटलं तर माझा चहा संपेल, आणि मी परतीची गाडी धरीन. तुमच्यावर त्याचा काही बोल नाही.

सहीच्या वर काय लिहावं, यात फार वेळ गेला. 'आपला विश्वासू' लिहिलं आणि खोडलं, 'हितचिंतक' तर लिहितानाच लाज वाटली. आपल्याकडे जावई सासऱ्याला काय म्हणतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. तो शब्द मी एकदा न विचारता वापरला आणि तोंडावर पडलो. म्हणून या वेळी तुम्हाला विचारून लिहितो.

तुमचा,
मामा (चालेल का?)

शिवकांत बिडवे